‘जरा आवाज कमी करा’

कार्यक्रम रंगात आलेला असतो, दुसऱ्या अंतऱ्याला गायिकेचा सूर नेमका लागलेला असतो आणि स्टेजच्या कोपऱ्यावर कोणीतरी पंजा खाली दाबल्यासारखा हलवत उभं राहतं. लाइव्ह बँडमध्ये वाजवणाऱ्या प्रत्येकाला हा हात ओळखीचा आहे. कधी तो यजमानांचा असतो, कधी कार्यालयाच्या मॅनेजरचा, कधी पुढच्या रांगेतल्या आजींनी पाठवलेल्या नातवाचा. शेजारच्या इमारतीतून ११२ ला फोन गेला असेल, तर खाकी बाहीतलाही असतो. चौघांचे शब्द एकच, तक्रार मात्र एक नसते. आजींना टोचतोय तो गिटारचा किंवा कीबोर्डचा वरच्या पट्टीतला आवाज. मॅनेजरच्या वाढप्यांना पाहुणे काय मागतायत ते कळेनासं झालंय. यजमानांना निवेदकाचे शब्द समजत नाहीयेत. आणि शेजाऱ्याची तावदानं थरथरतायत ती बासमुळे. साउंडवाल्याने मास्टर फेडर खाली ओढला तर चौघांपैकी एकाचंही पुरतं समाधान होत नाही, बँडचा मात्र जीव जातो.

माझं म्हणणं असं, की तक्रार हे मोजमाप आहे असं समजून ती ऐकावी. आवाज जोखण्यासाठी सगळ्या सभागृहात सर्वांत वाईट जागा कोणती असेल, तर बँड उभा असतो ती. मुख्य स्पीकरची तोंडं आपल्यापासून पलीकडे, आपल्या कानाशी मॉनिटर, पाठीमागे ड्रम. समोर काय पोचतंय याचा आपल्याला पत्ता नसतो. तक्रार घेऊन येणारा माणूस आपण कधीच बसणार नाही अशा खुर्चीवरून बातमी आणतो. म्हणून ‘किती कमी करू?’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारावं, ‘काकू, तुम्ही कुठे बसलात? नेमकं काय त्रास देतंय?’ लोक याचं फार नेमकं उत्तर देतात. ‘ते झांजेसारखं वाजतंय ना, ते.’ ‘छातीत धडधडतं हो.’ ‘गाण्यातलं एक अक्षर कळत नाही.’ पहिल्या उत्तरात सिंबल आणि ट्रेबल आहे, दुसऱ्यात सबवूफर. तिसऱ्यात गायिकेच्या आवाजावर चढून बसलेली वाद्यं आहेत, आणि तिथे तर उपाय आवाज वाढवण्याचा आहे. फक्त गायिकेचा, बाकीच्यांचा कमी करून.

गिटारचा अ‍ॅम्प घ्या. लहान स्टेजवर तो जमिनीवर ठेवतात, गिटारवाल्याच्या मागे, पोटऱ्यांच्या उंचीवर. स्पीकरमधून निघणारा खालच्या पट्टीतला आवाज चहूकडे पसरतो, पण धारदार आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. तो वाजवणाऱ्याच्या पायांमधून निघून समोरच्या टेबलावर बसलेल्यांच्या कानात शिरतो. वाजवणाऱ्याला स्वतःची गिटार दबकी वाटते, म्हणून तो आधी ट्रेबल वाढवतो, मग व्हॉल्यूम. समोरचे कानावर हात ठेवतात आणि त्याला प्रामाणिकपणे वाटत असतं की आपण तर ऐकूही येत नाही. अशा वेळी त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. अ‍ॅम्प उचलून खुर्चीवर ठेवावा, किंवा मागे कलता करून त्याचं तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे वळवावं. पहिली तार छेडल्याबरोबर तो स्वतःच दचकतो आणि बटण खाली फिरवतो.

कानाचा स्वभावही इथे समजून घ्यायला हवा. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी माणसाला वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे स्वर किती मोठे वाटतात हे मोजलं. आपला कान साधारण २००० ते ४००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो, आणि आवाज लहान होत गेला की खर्जाकडचा भाग झपाट्याने हरवतो. स्टेजसाठी या शोधातून दोन गोष्टी निघतात. ‘आवाज फार आहे’ असं म्हणणाऱ्याला पुष्कळदा आवाजाच्या मोठेपणाचा त्रास नसतो, या तीक्ष्ण पट्ट्याचा असतो. मिक्सरवर तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास तीन-चार डेसिबल काढले की तक्रार मिटते, आणि कार्यक्रम लहान झाल्यासारखाही वाटत नाही. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. एकंदर आवाज कमी केला की बँड पोकळ वाटू लागतो, म्हणून साउंडवाला बास चढवतो. हॉलमध्ये सगळं ठीक होतं आणि शेजारच्या इमारतीत नवी तक्रार जन्म घेते.

ऑर्केस्ट्रात टोचण्याचं काम बहुतेक वेळा कीबोर्डचे टोन करतात. बासरीचा टोन मऊ असतो, पुढच्या ओळीला वादक ब्रासचं बटण दाबतो आणि आवाज एकदम अंगावर येतो. फेडर होता तिथेच असतो. हे कार्यक्रमात सावरता येत नाही. तालमीला बसून प्रत्येक टोनचा आवाज एकमेकांच्या बरोबरीला आणून कीबोर्डमध्येच साठवून ठेवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा केलं की वर्षभर पुरतं.

सगळ्यात अवघड वाद्य ड्रमसेट. बाकी सगळ्यांना बटण आहे, त्याला नाही. जोरात वाजणाऱ्या ड्रमसेटजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो, आणि मग गाणं, गिटार, कीबोर्ड, सगळ्यांना त्याच्या वर चढावं लागतं. लहान हॉलमध्ये बँडचा किमान आवाज ड्रमर ठरवतो, साउंडवाला नाही. मराठी ऑर्केस्ट्रांनी यावर स्वतःचा तोडगा केव्हाच काढला. १९८५ साली रोलंड कंपनीचा ऑक्टापॅड बाजारात आला आणि तो आपल्याकडे इतका रुजला की ढोलकी-तबल्याशेजारी उभा राहून ऑक्टापॅड वाजवणारा कलाकार हे आपल्या वाद्यवृंदांचं ठरलेलं चित्र झालं. लोक त्याचं श्रेय त्यातल्या तऱ्हेतऱ्हेच्या आवाजांना देतात. माझ्या मते, कार्यालयांच्या छोट्या स्टेजवर तो टिकला यात तालवाद्याचा आवाज बटणावर आला याचाही मोठा वाटा आहे. खराखुरा ड्रमसेटच हवा असेल तर काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीचे रॉड किंवा ब्रश वापरावेत, स्नेअरवर जेलची चकती चिकटवावी, पातळ आणि लहान सिंबल लावावेत. पारदर्शक पडदा उभा करायचा तर ड्रमरच्या मागच्या भिंतीवर जाड पडदा किंवा गाद्या हव्यातच. नाहीतर आवाज पडद्यावरून मागे उलटतो, भिंतीवर आपटतो आणि वरून बाहेर येतो.

मंगल कार्यालयांची बांधणी या सगळ्यात भर घालते. गुळगुळीत फरशी, काचेची दारं, उघड्या भिंती, कुठे पत्र्याचं छप्पर. आवाज शोषून घेणारं काहीच नाही. संध्याकाळी पाच वाजता रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेक करताना सगळं घुमतं आणि बँड घाबरून सेटिंग बदलत राहतो. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला असाच एक घुमणारा व्याख्यानकक्ष दुरुस्त करायला सांगितला होता. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, कक्षात पसरायच्या, घुमारा मोजायचा आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असे प्रयोग त्याने केले. त्यातून सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला, आणि माणसांची शरीरं आणि कपडे किती आवाज शोषतात हेही आकड्यांत आलं. पाचशे पाहुणे रेशमी साड्या आणि कोट घालून आत आले की तोच हॉल वेगळा वाजतो. म्हणून साउंडचेकमध्ये फक्त समतोल पक्का करावा. एकूण आवाज पहिल्या दोन गाण्यांत, लोक बसल्यावर ठरवावा. ती दोन गाणीही सौम्यच निवडावीत, कारण पहिल्याच गाण्याला दचकलेले लोक पुढचा तासभर तक्रारीच्याच पवित्र्यात बसतात.

स्वागत समारंभात आणखी एक अडचण असते. तिथे लोक ऐकायला आलेले नसतात, बोलायला आलेले असतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. बँड मोठा झाला की पाहुणे मोठ्याने बोलतात, पाहुण्यांच्या गलक्यात बँडला आपण ऐकू येत नाही असं वाटतं, बँड आणखी चढतो. ही चढाओढ बँडनेच थांबवायची असते, कारण तीनशे माणसं ती थांबवू शकत नाहीत. यजमानांनी येऊन ‘मागे ऐकू येत नाही, वाढवा’ म्हटलं, तरी पुढच्या टेबलावरच्यांचा विचार आपणच करायचा असतो.

पुढे फार आणि मागे कमी, हा प्रश्न भूमितीचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून ३ मीटरवर १०० डेसिबल असेल, तर ६ मीटरवर ९४ आणि १२ मीटरवर ८८. बंद हॉलमध्ये भिंतींमुळे ही उतरण कमी होते, पण पुढची टेबलं मार खातात हे खरंच. टॉप स्पीकर उंच स्टँडवर चढवून त्यांचं तोंड किंचित खाली झुकवलं, की पुढच्या आणि मागच्या माणसाचं स्पीकरपासूनचं अंतर पुष्कळ बरोबरीला येतं. हॉल लांबट असेल तर मध्यावर दोन लहान स्पीकर जोडावेत आणि पुढचे कमी करावेत. यात दोन लहान स्पीकर, दोन तारा आणि दोन स्टँड एवढाच जादा खर्च येतो. सुपारी ठरवताना तो मागायला कलाकार कचरतात, हे मला पटत नाही.

इथपर्यंत हॉलच्या आतल्यांचं झालं. बाहेरच्या शेजाऱ्याची गोष्ट निराळी आहे. आपण लावलेलं गाणं त्याला ऐकूच जात नाही. भिंती आणि बंद खिडक्या वरचा आवाज अडवतात, खर्ज मात्र आरपार जातो. ५० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. तिच्यापुढे सहा इंची भिंत म्हणजे काहीच नाही. शेजाऱ्याच्या वाट्याला शब्द नाहीत, चाल नाही, फक्त ठोके येतात. मीटरही त्याची बाजू घेत नाही. कायद्यातली मोजणी ‘डीबी ए’ या मापात होते. हे माप कानाच्या कमी आवाजातल्या स्वभावाला धरून खर्ज वजा करतं, ६३ हर्ट्‌झला सुमारे २६ डेसिबलने. म्हणजे ८० डेसिबलचा तो ठोका मीटरवर ५४ दाखवेल आणि माणसाची झोप मात्र उडालेली असेल. म्हणून ‘आम्ही मर्यादेत आहोत’ असं मीटर दाखवून शेजाऱ्याशी भांडू नये. सबवूफर कमी करावा, स्टेजच्या पोकळ फळ्यांवरून किंवा गच्चीच्या स्लॅबवरून हलवून खाली जाड रबर घालावं, आणि शक्य तर एकदा त्याच्या जिन्यात जाऊन स्वतः ऐकून यावं. बँडमधलं कोणी तिथवर चालत गेलं, एवढ्यानेच पुष्कळ राग शांत होतो.

नियम मात्र प्रत्येक वादकाला तोंडपाठ हवेत. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. खासगी जागेला ही सूट ५ डेसिबलचीच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात. त्याला बंदिस्त सभागृहाचा अपवाद आहे, आणि सण-समारंभांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं. हे आकडे उघड्या लॉनवर किती कडक पडतात ते पाहा. ड्रमसेटपासून २ मीटरवर १०० डेसिबल धरले, तर अंतराच्या हिशेबाने ६४ मीटरवर ७० उरतात. निवासी भागातली ६५ ची हद्द एकट्या ड्रमरने, एकही स्पीकर चालू नसताना, ओलांडली.

या कायद्याकडे कलाकार कटकट म्हणून पाहतात तेव्हा मला वाईट वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिलेला निकाल वाचावा. त्या याचिकेच्या मुळाशी १९९८ च्या जानेवारीतली एक बातमी होती. तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, तिने मदतीसाठी फोडलेल्या हाका शेजारच्या लाउडस्पीकरच्या संगीतात बुडाल्या, आणि त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. दहाचा नियम कोणाच्या अरसिकपणातून आलेला नाही.

त्याची किंमत संगीताने मोजली, हेही तितकंच खरं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभराच्या बैठका या नियमांनंतर थांबल्या आणि उघड्या मांडवात पहाटेचा ललित ऐकण्याचा योग गेला. गोव्यात पाळोळेच्या किनाऱ्यावर लोक दहानंतर कानाला हेडफोन लावून नाचतात. डीजेला ते जमतं, ड्रम वाजवणाऱ्या बँडला नाही. आपल्याला दहाचा हिशेब कार्यक्रमपत्रिकेतच धरावा लागतो. भरगच्च गाणी साडेआठ ते सव्वानऊ, मग उतरती भाजणी, आणि पावणेदहाला शेवटचं गाणं. रात्र चढते तशी रहदारी ओसरते आणि तोच आवाज शेजाऱ्याला मोठा वाटू लागतो, त्यामुळे ही उतरण नियम नसता तरीही शहाणपणाचीच ठरली असती.

रात्र चढते तसं वादकांच्याही कानात काही घडत असतं. तासभर मोठा आवाज सोसला की कान तात्पुरते बधिर होतात. मग प्रत्येकाला मॉनिटरमध्ये ‘मला थोडा जास्त दे’ हवं असतं, आणि नऊ वाजता ठीक असलेलं स्टेज साडेनऊला गर्जत असतं, कोणीच काही बदललं नाही असं प्रत्येकाला वाटत असताना. ज्याला कमी ऐकू येतंय त्याचं वाढवण्याऐवजी त्याला नको असलेलं त्याच्या मॉनिटरमधून काढून टाकावं. कानात घालायचे मॉनिटर परवडत असतील तर उत्तमच, पण तेही मोठे ठेवले तर धोका तसाच. कामाच्या जागेसाठी वापरलं जाणारं एक माप असं: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. तक्रार करणारी काकू आपल्या कानांचंही रक्षण करत असते. दर आठवड्याला तो आवाज सोसणारे आपणच आहोत, ती एका संध्याकाळपुरती आलेली आहे.

आता वागण्याचं. तक्रार ऐकायला बँडमधला एकच माणूस नेमावा, शक्यतो ज्याला गाण्यांच्या मधे हात मोकळा असतो असा, आणि निवेदकाने ती माइकवरून जाहीर करू नये. ‘आवाज जास्त होतोय म्हणे’ असं चारचौघांत म्हटलं की तक्रार करणारा ओशाळतो आणि अर्धं सभागृह त्याच्या विरुद्ध किंवा बँडच्या विरुद्ध जातं. मान हलवावी, चालू गाण्यातच काहीतरी करावं, आणि गाणं संपल्यावर त्या दिशेने पाहून ‘आता?’ असं खुणेने विचारावं. काही साउंडवाले कशालाच न जोडलेला फेडर दाखवून खाली ओढतात आणि पाहुणा समाधानाने परत जातो. हे फसवणं आहे आणि मला त्याची चीड येते. ज्याला त्रास होत होता त्याला तो होतच राहतो, फक्त आता बोलायची सोय उरत नाही. कधी दोन उलट्या तक्रारी एकदम येतात, तेव्हा स्पीकरच्या तोंडाशी बसलेल्या आजोबांची खुर्ची यजमानांना सांगून मागे हलवणं हा सर्वांत स्वस्त उपाय असतो.

राहता राहिलं कमी आवाजात वाजवणं, आणि ही बहुतेक बँडांची कच्ची बाजू आहे. हळू वाजवायला सांगितलं की लय पडते, गाणं मरगळतं, मग दोन मिनिटांत सगळे जुन्या जोरावर परत येतात. याची तालीम वेगळी करावी लागते. मेट्रोनोम लावून तेच गाणं नेहमीच्या लयीत, पण काठी कातड्यापासून चार बोटांवर ठेवून वाजवायचं. गायिकेने माइकशिवाय गायचं, आणि तिचा शब्द खोलीच्या पलीकडच्या टोकाला कळेल इतक्यातच बाकीच्यांनी राहायचं. बास गिटारवाल्याने सूर लांबवण्याऐवजी तोडून वाजवावेत. कीबोर्डने गायिकेच्या पट्टीतून बाजूला व्हावं. जिथे चालेल तिथे ड्रमसेटच्या जागी कहोन किंवा ढोलकी घ्यावी. रोज अर्धा तास असं केलं तर महिन्याभरात फरक दिसतो. ठोका बारीक असूनही ठाम पडू लागतो, आणि मग स्टेजच्या कोपऱ्यावर तो पंजा हलला की बँडला त्याच गाण्यात, त्याच लयीत, दहा डेसिबल खाली येता येतं.